घड्याळासकट

“घड्याळासकट की घड्याळाविना?”

शर्टाचं माप द्यायला आलेल्या माणसाचा डावा हात मनगटाशी धरून अण्णा आधी हे विचारायचे. छाती, खांदा, लांबी ही सगळी नंतरची गोष्ट. नवं गिऱ्हाईक गोंधळून बघत राहायचं. मग अण्णा गळ्यातली टेप त्या मनगटाभोवती फिरवून सांगायचे, “दोन्ही हात सारखे नसतात, सार. डाव्या हातात घड्याळ राहतं. त्याला आत-बाहेर करायला स्वल्प जागा पाहिजे की.”

जुने शिंपी डावा कफ उजव्यापेक्षा थोडा सैल ठेवायचे, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मला नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि नवऱ्याचे शर्ट कित्येक वर्षं इस्त्री करूनही मला हा फरक कधी दिसला नव्हता. अण्णांनी सांगितल्यावर घरी जाऊन पट्टीने मोजलं. पाव इंच. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी तो शर्ट मी वर्गात नेला.

अण्णांचं दुकान मंडी मोहल्ल्यात होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. भिंतीवर विठ्ठलाची तसबीर, तिला रोजचा हार, खाली दोन मशिनं आणि कोळशाची जड इस्त्री. त्यांच्या घरी कित्येक पिढ्या मराठी बोलत आल्या होत्या, आमच्याही. पण म्हैसूरच्या ह्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की पुण्याहून आलेली माझी चुलतबहीण अण्णांचं बोलणं अर्ध्यावर सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागायची. मापांची वहीसुद्धा अण्णा मराठीत लिहीत, पण अक्षरं कन्नड.

त्या वहीत प्रत्येकाच्या डाव्या कफापुढे त्याच्या घड्याळाचं वर्णन असे. चपटं की जाड, गोल की चौकोनी, तोंडावर काय. “घड्याळवाले घड्याळ विकून मोकळे होतात,” अण्णा म्हणायचे. “ते पुढं कुणाच्या बाहीत राहतं, ते मला ठाऊक.” आणि खरंच, त्या वहीतून गावभरच्या मनगटांचा इतिहास कळायचा. आधी सगळे कफ पाव इंचाने सैल. मग हात हलला की आपोआप चावी बसणारी जाड घड्याळं आली, तसा सैलपणा अर्ध्या इंचावर गेला. काळी प्लॅस्टिकची, आकडे पेटणारी घड्याळं आली तेव्हा अण्णांनी पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, “ह्याला कफ नको, बाहीला खिडकीच काढतो.” पुढे सेलवरची पातळ घड्याळं आली आणि कफ पुन्हा पावावर आले. माणसांना वाटतं आपण आपल्या आवडीने घड्याळ घेतो. अण्णांच्या वहीत बघितलं तर सगळं गाव एकदम जाड व्हायचं आणि एकदम बारीक व्हायचं.

अण्णांची आणखी एक लकब होती. कुठलाही कपडा इस्त्रीखाली घेण्याआधी ते त्याचे सगळे खिसे तळहाताने तीनदा थोपटायचे आणि कपड्याला विचारायचे, “आत कोण आहे?” उत्तर येणार नाही याची खात्री झाली की मगच ओलं फडकं पसरायचं. लोक हसायचे. मीही हसायचे.

आमची ओळख माझ्या वडलांच्या कोटामुळे झाली. वडील गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांचा कोट घेऊन अण्णांकडे गेले. सकाळी फिरायला जाताना घालीन म्हटलं, बाह्या तेवढ्या कमी करून द्या. कोट त्यांनीच शिवलेला होता, पाहताक्षणी म्हणाले, “रायरुंचा.” वडलांना ते कन्नड रीतीने रायरु म्हणत. त्यांनी सवयीने माझा डावा हात धरला, बाही सरकवली आणि हात सोडून दिला. माझ्या हातात वडलांचंच घड्याळ होतं. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. माप उजव्या हाताचं घेतलं. पुढे तो प्रश्न ऐकला तेव्हा मला वाटलं, बायकांना विचारत नसतील.

आता ह्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. बंगळुरूच्या कारखान्यातून निघणारं ते चावीचं साधं घड्याळ. त्या काळी कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, की ते हातावर यायचं. पांढरी डायल, एक ते बारा आकडे, सरळ काटे. मग एका वर्षी तेच नाव, तेच मशीन, पण तोंडावरचे आकडे गेले आणि त्या जागी बारा बारीक काड्या आल्या. एवढाच बदल. पण ह्या बदलावरून माणसं एकमेकांशी किती वर्षं भांडू शकतात, हे मी अण्णांच्या दुकानात पाहिलं.

रविवारी सकाळी दुकान अर्धं उघडं असायचं आणि घड्याळांचे चार-पाच शौकीन जमायचे. त्यांच्यात आकडेवाले आणि काडीवाले असे सरळ दोन तट होते. काडीवाल्यांचे पुढारी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणत. आकडेवाल्यांचे पुढारी अण्णा, आणि त्यांच्या बाजूला बन्नूरहून पहिल्या बसने येणारे एक कंपाउंडर. कॉफीचे पेलेसुद्धा ते आपापल्या बाजूने ठेवत.

मेष्ट्रु म्हणायचे, “वेळ बघताना आकडा कोण वाचतो? नजर काट्यावर जाते. न लागणारं काढून टाकलं, हीच तर चांगली चित्रकला.”

अण्णा म्हणायचे, “मेष्ट्रे, तुमच्या तोंडावरचे नाक-डोळे काढून दोन रेघा मारू? घरचे ओळखतील, सुम्ने, उगाच अडचण कशाला?”

“तुम्ही बेलबॉटम शिवलीत तेव्हा हे सुचलं नव्हतं?”

ह्यावर दुकान हसायचं आणि अण्णा सुईत दोरा ओवायला लागायचे. मला मात्र मेष्ट्रुंचा प्रश्न बरोबर वाटायचा. दर दोन वर्षांनी कॉलरची टोकं लांब-आखूड करणारा माणूस एका डायलीच्या बाबतीत इतका सोवळा कसा? एकदा मी तसं विचारलंही. अण्णा म्हणाले, “कापड बदलायलाच असतं, अक्का. तोंड नव्हे.” आणि लगेच माझ्या शाळेच्या परीक्षांची चौकशी केली.

भांडणाचा एक मुद्दा मला खास आवडला, कारण तो तपासून बघण्यासारखा होता. बदल एका दिवसात झाला की हळूहळू? मेष्ट्रुंचं म्हणणं, कारखान्याने ठरवून, विचार करून एका झटक्यात आकडे काढले. कंपाउंडर म्हणत, छे, त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. काही दिवस नव्या घड्याळांवर जुनी तोंडं बसवत राहिले असणार. पुरावा दोघांकडेही नव्हता. असं मधल्या काळातलं एक तरी घड्याळ सापडायला हवं होतं.

ते माझ्या हातावर सापडलं.

मी कोट आणायला गेले तो नेमका रविवार होता. कंपाउंडरांची नजर माझ्या मनगटावर गेली. त्यांनी घड्याळ बघायला मागितलं. अण्णा म्हणाले, “राहू द्या, अक्काला उशीर होतोय,” पण मला कसला उशीर? मी काढून दिलं. मेष्ट्रुंनी पातळ पातं घालून पाठीचं झाकण उघडलं, भिंग लावलं, आतला नंबर आपल्या नोंदवहीतल्या कारखान्याच्या नंबरांशी ताडून पाहिला आणि पुन्हा एकदा ताडून पाहिला. नंबर काड्यांच्या काळातला होता. तोंडावर मात्र आकडे.

तुम्ही मोठ्या माणसांना लहान मुलांसारखं आनंदलेलं पाहिलं असेल. कंपाउंडरांनी माझ्यासाठी बाहेरून जिलेबी मागवली. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कधी रांगेत पुढे घुसून तिकीट काढलं नाही, ते अचानक इतिहासाचे साक्षीदार झाले. मी खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटला. तेव्हापासून मी दर रविवारी जायला लागले.

मेष्ट्रु सच्चे. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, “नोडी, बघा, मी हरलो. बंगळुरूची मंडळी पुढच्या महिन्यात इथे जुन्या घड्याळांचं प्रदर्शन भरवतायत. त्यात हे ठेवू. खाली कार्ड मी लिहितो, की आकड्यांवरून काड्यांवर जाताना कारखाना अडखळला होता, त्याचा हा पुरावा.” अण्णांच्या आयुष्यातला तो मोठा विजय. त्यांनी मान हलवली आणि एका पॅंटचे खिसे थोपटत राहिले. किती वेळा थोपटले ते मी मोजलं नाही, पण तीनपेक्षा पुष्कळ जास्त.

त्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती. दुपारी अण्णा आमच्या घरी आले. ह्याआधी कधी आले नव्हते. काखेत कापडात गुंडाळलेली मापांची वही. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत.

“अक्का, ते कार्ड लिहायला नको,” ते म्हणाले. “हे घड्याळ काडीचंच. आकडे माझ्यामुळे आले.”

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. वडलांचं पान होतं. मला कन्नड अक्षरं वाचता येत असूनही त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. “रायरु. शर्ट दोन. डावा कफ पाव जास्त. घड्याळ नवं, चपटं, काड्या.” मग बोट खाली सरकलं. “कोट एक. घड्याळ मापाला ठेवलं.”

मापाला आपण जुना शर्ट शिंप्याकडे ठेवतो ना, तसं काही जण अण्णांकडे घड्याळ ठेवायचे. बाही नीट बसावी म्हणून. आमच्या काकांचं लग्न सोसले गावी होतं, त्यासाठी वडलांनी हा कोट शिवायला टाकला होता. अण्णांनी बाहीचं माप जुळवलं आणि घड्याळ हरवू नये म्हणून त्याच कोटाच्या आतल्या खिशात घातलं. मग विसरले. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं टाकून कोटावर इस्त्री फिरवली. खिशाशी इस्त्री अडली तेव्हा आठवलं. प्लॅस्टिकची काच वाकडी झाली होती, वाफेने डायलीला फोड आले होते. मशीन तेवढं वाचलं.

“लग्न दोन दिवसांवर. मोहल्ल्यात डायली रंगवणारे एक म्हातारे होते, त्यांच्याकडे पळालो. त्यांच्याकडे ठसा आकड्यांचाच. काड्या मारायला आठवडा लागेल म्हणाले. मी म्हटलं, मारा आकडे. मशीन पुसून घेतलं, काच नवी बसवली. रायरु कोट न्यायला आले तेव्हा मीच घड्याळ त्यांच्या हाताला बांधलं आणि वर बाही ओढली. बाही चांगली बसली होती, अक्का. घड्याळ दिसलंच नाही.”

मग वही मिटून म्हणाले, “त्यानंतर मी कुणाचं घड्याळ ठेवून घेतलं नाही. पण रायरु दर वेळी स्वतःच काढून माझ्या हातात द्यायचे. ‘घड्याळाविना पण बघा आणि हे तुमच्याकडे राहू द्या,’ म्हणायचे. मला वाटायचं, ह्यांना काहीच ठाऊक नाही म्हणून देतात. तेच जड जायचं. सांगायचं राहिलं आणि ते गेले. आता तुम्हाला सांगतो. कार्डावर खोटं नको. मेष्ट्रु हरले नाहीत.”

मला राग आला. स्वच्छ राग. घड्याळासाठी नाही, वडलांसाठी आला. एवढा साधा माणूस इतकी वर्षं हातावर दुसऱ्याचं तोंड बांधून फिरला आणि त्याला कुणी सांगितलं नाही. मी म्हणाले, “तुम्ही त्यांना फसवलंत, अण्णा.” ते म्हणाले, “हौदु.” हो.

आतल्या खोलीत आई चष्मा लावून शेंगा सोलत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, अशी आमची समजूत होती. ती तिथूनच म्हणाली, “फसवलं कसलं? त्यांना त्याच दिवशी कळलं होतं.”

मी आत गेले. अण्णा दारात आले.

“घरी येऊन मला हात दाखवला,” आई म्हणाली. “म्हणाले, हे बघ, आकडे आलेत. मी म्हटलं, आता जा आणि विचारा. तर म्हणाले, त्याचं तोंड बघितलं असतंस तर तूही विचारलं नसतंस. दोन दिवस झोपला नसेल तो.” तिने एक शेंग सोलली. “त्यांना मुळात आकड्याचंच हवं होतं गं. दुकानात गेले तेव्हा संपलेलं, म्हणून काडीचं आणलं होतं.”

“मग एवढी वर्षं बोलले का नाहीत?”

“बोलले असते तर पुढच्या खेपेला शिंप्याने भीत भीत माप घेतलं असतं. म्हणून ते म्हणायचे, आपणच घड्याळ काढून त्याच्या हातात द्यावं. त्याला बरं वाटेल.”

अण्णांनी विचारलं, “दर वेळी म्हणूनच?”

“दर वेळी,” आई म्हणाली.

तेव्हा अण्णा खुर्चीवर बसले. वही मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून बसले. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं आणि पेला हातात तसाच राहिला. माझा राग लगेच गेला असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. पण ज्यांच्या वतीने मी रागावले होते त्यांनीच तो इतक्या वर्षांपूर्वी सोडून दिला होता, त्यामुळे माझी पंचाईत झाली. चहा करावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे थोडी रडले.

रविवारी अण्णांनी सगळ्यांसमोर वही उघडून ते पान वाचून दाखवलं. कंपाउंडर उठून पायरीवर जाऊन उभे राहिले. मेष्ट्रुंचा पक्ष जिंकला होता, पण त्यांना तो आनंद घेता येईना. शेवटी त्यांनी खिशातून नवं कार्ड काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं: ‘मशीन कारखान्याचं. आकडे मंडी मोहल्ल्याचे.’

आणि मग गंमत अशी झाली की बाजू उलटल्या. काडीवाले मेष्ट्रु म्हणायला लागले, हे घड्याळ प्रदर्शनात ठेवायलाच हवं, असं दुसरं जगात नाही. आकडेवाले कंपाउंडर म्हणाले, रंगवलेली डायल ठेवायची तर मग कारखान्याच्या मालाची किंमत काय राहिली? बंगळुरूच्या मंडळींनी कळवलं की पुन्हा रंगवलेलं काही आम्ही घेत नाही. मेष्ट्रु त्यांच्यावर इतके चिडले की प्रदर्शनाला गेलेच नाहीत. घड्याळ माझ्या हातावर राहिलं. कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जे तोंड एका माणसाला मनापासून हवं होतं आणि दुसऱ्याने घाबरून बसवलं, त्याला खोटं म्हणायचं की काय म्हणायचं, यावर विज्ञानाच्या पुस्तकात काही नाही.

पुढे महिन्याभराने मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पांढरा कोट शिवायला टाकायला गेले. अण्णांनी माझा डावा हात धरला. क्षणभर थांबले आणि मला पहिल्यांदा विचारलं, “घड्याळासकट की घड्याळाविना?”

मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, “दोन्ही बघा. आणि हे तुमच्याकडे राहू द्या.”

त्यांनी ते खिशात घातलं नाही, टेबलावर ठेवलं नाही. डाव्या मुठीत धरलं आणि उरलेल्या एका हाताने माझं सगळं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक मला धरायला लावलं. माप चुकलं असणार, कारण तो कोट मला खांद्यात जरासा ओढायचा. मी दुरुस्त करायला परत नेला नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. मेष्ट्रु बरेच दिवस रविवारी तिथवर यायचे आणि वाद घालायला कुणी नाही म्हणून परत जायचे. माझा मुलगा तयार शर्ट घालतो. दोन्ही कफ सारखे असतात, डावा घड्याळावर अडतो, आणि तो बटण उघडं टाकून फिरतो.

वडलांचा कोट मी वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या सुमारास काढते. ओलं फडकं तयार ठेवते. आतला खिसा तळहाताने तीनदा थोपटते आणि विचारते, “आत कोण आहे?” मग घड्याळ हातावर आहे ना, हे बघते आणि इस्त्री उचलते.